धाकू मांडवकरने पास केलेलं मांजर

धाकू मांडवकरला मांजर आवडत नव्हतं आणि हे त्याने कधी लपवलं नाही. सून रुपालीही त्याला फारशी आवडत नव्हती. तेही त्याने लपवलं नाही. कल्याणजवळच्या मोहन्यातल्या एका चार मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, हे तिघं राहत होते. मुलगा संदेश कतारला पाइपलाइनच्या कामावर. वर्षातून एकदा महिनाभर यायचा, दोघांच्या तक्रारी ऐकून घ्यायचा आणि परत जायचा. मांजर त्यानेच आणलेलं, बायकोला सोबत म्हणून. पांढरंशुभ्र, म्हणून नाव पिठी.

धाकूने छत्तीस वर्षं कल्याणच्या रेल्वे यार्डात डब्यांची चाकं वाजवली. संगमेश्वराकडून एकोणिसाव्या वर्षी आला, रेल्वेत खलाशी म्हणून लागला. लांब दांड्याची हातोडी घ्यायची, गाडीच्या एका बाजूने टोकापर्यंत चालत जायचं, दुसऱ्या बाजूने परत यायचं. प्रत्येक चाकावर एक ठोका. चाक शाबूत असलं की खणखणीत वाजतं आणि आवाज थोडा वेळ टिकतो. तडा असला की फुटक्या मडक्यासारखं बद्द बोलतं. ठोका झाला की एक्सलच्या पेटीला उलटा हात लावायचा. गरम लागली तर डबा काढून सिक लाइनला, म्हणजे नादुरुस्त डब्यांच्या रुळावर. काम ऐकायला सोपं वाटतं. खडीवरून छत्तीस वर्षं चालून बघावं मग कळतं. धाकूचे दोन्ही घोटे गेले, उजवा खांदा गेला, पण कान शाबूत राहिला.

एकदा एका साहेबाने घाई केली. गाडीला उशीर झालाय, उरलेले चार डबे तसेच पास कर म्हणाला. धाकूने पेन त्याच्यापुढे धरलं. "मग सही तुम्ही करा," म्हणाला. साहेबाने सही केली नाही. धाकूने चारही डबे वाजवले. तडा कुठेच नव्हता. त्याबद्दल त्याला कोणी शाबासकी दिली नाही, आणि त्यालाही ती नको होती.

असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की घरातल्यांना त्रास होतो. कुकरची शिट्टी बरोबर नाही, पंख्याच्या बेअरिंगला आवाज आहे, नळ नीट बंद केला नाही, हे दिवसभर चालायचं. रुपाली डोंबिवलीला चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात होती. काचेत केसाएवढी रेघ राहिली तरी माल परत येतो, तेव्हा नेमकेपणा तिलाही कळत होता. तिला सासऱ्याचा नेमकेपणा नको होता, एवढंच.

"तुमचे शर्ट मशीनमध्ये टाका ना, आबा."

"मशीनला कॉलर कळते?"

"तुम्हाला तरी कुठे जायचंय कॉलर घालून?"

रोज सकाळी नऊ वाजता तो दोन पांढरे शर्ट हाताने धुवायचा आणि खिडकीबाहेरच्या लोखंडी जाळीच्या खोक्यात वाळत घालायचा. खोक्याला बाहेरून एक छोटं दार होतं. बाहेरच्या कडेच्या दांडीवर हात नीट पोहोचावा म्हणून तो ते उघडं टाकायचा. ऊन आलं की पिठी शर्टाच्या खाली झुलणाऱ्या बाहीवर पंजे मारायची, नाहीतर घडी घालून ठेवलेल्या शर्टावर जाऊन बसायची.

बुधवारी तिने दोन्ही केलं. धाकूच्या हातात ओला पंचा होता. त्याने तो झटकून तिला मारला. फार जोरात नाही, पण ओल्या कापडाचा फटका चांगलाच बसतो. ती दचकली, उलटी उडाली, आणि उघड्या दारातून बाहेर गेली.

त्याने खाली पाहिलं. ती आधी स्कूटरच्या शेडच्या पत्र्याच्या कडेवर डाव्या कुशीवर आपटली आणि मग जमिनीवर पडली. साडेनऊ झाले होते.

तो तीन जिने उतरला, घोट्यांचा विचार न करता. पिठी एका स्कूटरखाली अंग चोरून बसली होती. त्याने तिला बाहेर काढलं आणि तपासलं. चारी पाय एकेक करून ओढून पाहिले. शेपूट पाहिलं. रक्त कुठे नव्हतं. दात शाबूत. मग त्याने तिच्या पाठीवर कान टेकला. आतून घुरघुर येत होती. एकसारखी, कुठे तुटत नव्हती, कुठे अडकत नव्हती.

आवाज साफ आहे, त्याने ठरवलं. म्हणजे फिट आहे.

तो तिला वर घेऊन आला, जाळीचं दार लावलं, शर्ट पुन्हा धुतला. कोणाला सांगण्यासारखं काही घडलं आहे असं त्याला वाटलं नाही. निदान त्याने स्वतःला तसं सांगितलं.

संध्याकाळी रुपाली आली आणि वाडग्यात मासळीचा चुरा ओतला. पिठी आली नाही. ती वॉशिंग मशीनच्या मागे, भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"हिला काय झालं?"

"ऊन आहे. जनावर गारव्याला बसतं."

"ही कधी मशीनमागे बसत नाही."

"घुरघुरतेय ना? ऐक की. मग बरी आहे."

रुपालीने ऐकलं. घुरघुर होती. तरी जेवताना ती दोनदा उठून मशीनमागे वाकून आली. धाकू ताटातलं जेवण पुरं संपवून उठला.

गुरुवारी सकाळी तिने पिठीला बाहेर काढलं तेव्हा पिठी एक बारीक आवाज करून तिला चावली. याआधी ती कधी चावली नव्हती. डाव्या कुशीवर गंजाचा तांबूस पट्टा होता आणि केसांत सुकटाचा एक तुकडा अडकला होता. मांजर रोज दहा वेळा अंग चाटतं. या मांजराने कालपासून एकदाही चाटलं नव्हतं.

सुकट म्हटल्यावर रुपालीला पुढचं काही शोधायची गरज उरली नाही. खाली तळमजल्यावर गंगुबाई राहायच्या. इमारत उभी आहे ती जागा पूर्वी त्यांची शेती होती. बिल्डरकडून तळमजल्याचे दोन फ्लॅट मिळाले, पण सगळं आवार आपलंच आहे असं त्या अजून धरून चालायच्या. स्कूटरच्या शेडच्या पत्र्यावर त्या सुकट वाळवायच्या, पिठी ते पळवायची, आणि मागच्या आठवड्यातच गंगुबाईंनी सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं की एक दिवस या मांजरीची तंगडी तोडीन.

रुपाली खाली गेली. धाकू मागोमाग जिन्याच्या वळणापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"काय मारलंत तिला?"

"कोनाला गं?" गंगुबाई सूप घेऊन दारात बसल्या होत्या.

"माझ्या मांजराला. तुमचं सुकट अजून अंगावर आहे तिच्या."

"म्हंजे चोरी तिनं केली नि चोर मी?"

"तुम्हीच बोललेलात. तंगडी तोडीन म्हणून."

"बोलले. बोलाचं नाय काय मी? बोलून तंगडी तुटत असती तं तुजी जीभ आदी तुटली असती."

पार्किंगमध्ये गाडी पुसणारे दोघे थांबले. पहिल्या मजल्यावरची एक बाई गॅलरीत आली.

"मुक्या जनावरावर काठी चालवता, लाज नाही वाटत? वय काय, करता काय."

"माज्या हातात काठी बगलीस?" गंगुबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि वर पाहिलं. "ओ धाकू. तू घरातच व्हतास ना काल? सांग तुज्या सुनंला. बगलास मना मारताना?"

सगळ्यांनी वळणाकडे पाहिलं.

"मी आत होतो," धाकू म्हणाला.

हे खोटं नव्हतं. तो आतच होता. पण यार्डात कोणी असं उत्तर दिलं असतं तर धाकूने त्याला दुसऱ्या दिवशी आपल्या पाळीत उभं केलं नसतं.

रुपाली वर आली ती तापूनच. कामाची वेळ झाली होती. चपला घालताघालता म्हणाली, "संध्याकाळी नेते तिला डॉक्टरकडे. तोवर लक्ष ठेवा. तेवढं होईल ना तुमच्याच्याने?"

"छत्तीस वर्षं लोकांच्या जिवावर लक्ष ठेवलंय मी."

"चाकं होती ती, आबा."

दार आपटून ती गेली.

धाकूने मशीन एकट्याने भिंतीपासून ओढलं. उजवा खांदा ठणकला. मग तो फरशीवर मांडी घालून पिठीसमोर बसला. लक्ष ठेवायचं म्हणजे त्याच्या लेखी समोर बसायचं. टीव्ही लावून मधूनमधून बघणं याला तो लक्ष ठेवणं म्हणत नव्हता.

पहिला अर्धा तास त्याला काही वेगळं दिसलं नाही. मग एकेक गोष्ट दिसायला लागली. ती आडवी होत नव्हती. डोळे मिटत, मान खाली जाई, कुशीवर कलायला लागे, आणि लगेच दचकून पुन्हा उठून बसे. पुढच्या पायांची कोपरं अंगाला चिकटलेली नव्हती. बाहेर फाकलेली होती. मान पुढे ताणलेली. श्वास छातीने नाही, पोटाने चालला होता, भाता मारल्यासारखा.

त्याने घड्याळ काढून पुढ्यात ठेवलं आणि मोजलं. मिनिटाला बासष्ट. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं. चौसष्ट. त्याने हाताचा उलटा भाग तिच्या कानाला लावला, मग पंजांना. गार. वरचा ओठ अंगठ्याने जरा उचलला. हिरडी गुलाबी असायला हवी. धुऊन पिळलेल्या फडक्यासारखी पांढुरकी होती.

आणि घुरघुर चालूच होती. कालच्यासारखीच, साफ.

तिथे बसल्याबसल्या आपली चूक काय झाली ते धाकूला कळलं. चाक आपण होऊन वाजत नाही. आपण ठोका मारतो, ते उत्तर देतं. ही कोणी न विचारता वाजत होती आणि थांबत नव्हती. त्याने ठोका न मारता पास केलं होतं.

त्याने रुपालीला फोन लावला. तिने तिसऱ्या वेळी उचलला.

"कामावर फोन करू नका म्हणून सांगितलंय ना?"

"श्वास चौसष्ट आहे. पोटाने घेतेय. हिरड्या पांढऱ्या, पंजे गार. संध्याकाळपर्यंत थांबता येणार नाही."

"काल तर बरी होती म्हणे तुमच्या मते."

"नव्हती."

पाच मिनिटांत डॉक्टरचा फोन आला. क्षिप्रा नाव, कल्याण पश्चिमेला दवाखाना, बाई पटपट बोलणारी. पाणी पाजू नका, दूध तर अजिबात नको. छातीला हात घालून उचलू नका, खालून टॉवेलसकट उचला. खोक्यात ठेवा, वरून हवा राहू द्या. बसलीय तशीच बसू द्या, आडवी करायला जाऊ नका. आणि आत्ता निघा. धाकूने प्रत्येक वाक्याला "हो" म्हटलं. वाटीत काढून ठेवलेलं दूध मोरीत ओतलं.

"काका, मांजर काय? सीट खराब करेल," रिक्षावाला म्हणाला.

"पुसून देईन. तू खड्डे चुकव."

"शहाडच्या पुलापर्यंत खड्डेच आहेत. रस्ता कुठे आहे चुकवायला?"

धाकूने खोकं मांडीवर ठेवलं नाही. मांडीवर ठेवलं की रिक्षाचा प्रत्येक दणका सरळ आत जातो. त्याने ते दोन्ही हातांवर अधांतरी धरलं आणि रिक्षा उडाली की हात खाली सोडले, आदळली की वर घेतले. पस्तीस मिनिटं. सिग्नलला रिक्षावाला म्हणाला, टेका की जरा. धाकूने टेकलं नाही. कल्याणला उतरताना त्याची बोटं उघडत नव्हती. खोकं दुसऱ्याने काढून घ्यावं लागलं.

ते रुपालीने काढून घेतलं. ती स्टेशनवरून धावत आली होती. धाकूकडे तिने पाहिलंही नाही.

डॉक्टरने पिठीच्या तोंडापुढे प्राणवायूची नळी धरली, कानाला यंत्र लावून छाती ऐकली आणि भुवया आवळल्या. "कशाने लागलंय?"

"खालच्या बाईने काठी घातली," रुपाली म्हणाली.

"पाहिलंत?"

"पाहायला कशाला हवं? तिनेच केलंय."

"मला ते चालणार नाही. काठीचा मार असला तर पोटात रक्त असू शकतं. उंचावरून आपटली असली तर छातीत हवा किंवा पोटातला भाग वर सरकलेला. मी अंदाजाने सुई घालणार नाही आणि फोटोसाठी हिला आत्ता आडवी केली तर ती टिकणार नाही. नक्की कोणी पाहिलंय?"

गप्प राहिलं तर अजून राहता येत होतं. गंगुबाईंचं नाव तयार होतं, आवारातल्या सगळ्यांनी ते मान्यही केलं होतं. धाकूने पिठीच्या पोटाकडे पाहिलं. भाता आता उथळ झाला होता.

"पडली," तो म्हणाला. "काल साडेनऊला. तिसऱ्या मजल्यावरून. आधी पत्र्याच्या कडेवर, मग जमिनीवर. डावी कूस लागली. मान किंवा पोट नाही. स्वतःच्या पायाने स्कूटरखाली गेली."

"तुम्ही पाहिलंत?"

"मी पाडली. ओला पंचा मारला."

रुपालीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. डॉक्टरकडे तेवढा वेळ नव्हता. तिने पिठीच्या उजव्या बरगड्यांवर एक बोट टेकवलं आणि दुसऱ्या बोटाने त्यावर टकटक केलं. मग डावीकडे. डावीकडचा आवाज वेगळा होता, रिकाम्या डब्यासारखा. धाकूला तो चार फुटांवरून ऐकू आला.

"हवा," डॉक्टर म्हणाली. "फुप्फुसाबाहेर अडकलीय. धरा टॉवेल."

रुपालीने टॉवेल धरला. बरगड्यांच्या मधून बारीक सुई आत गेली. सिरिंज भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. धाकू दाराजवळ उभा राहून मोजत होता. अकराव्या वेळी पिठीने मान खाली केली. पंधराव्याला कोपरं जवळ घेतली. श्वास चाळीसवर आला.

"वाचली असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाली. "हवा पुन्हा भरू शकते. तीन-चार दिवस इथे ठेवते. काल का नाही आणलंत?"

"घुरघुरत होती," धाकू म्हणाला. "आवाज साफ होता."

"दुखत असलं तरी मांजर घुरघुरतं. स्वतःला धीर द्यायला. यांनी फोनवर सांगितलं, लपून बसली, खाल्लं नाही, अंग चाटलं नाही, हात लावल्यावर चावली. एवढं सगळं ती सांगत होती. तुम्ही नको ते ऐकलंत."



बाहेर आल्यावर रुपाली फुटपाथवर थांबली. "सकाळी त्या म्हातारीला मी काय काय बोलले ते ऐकलंत तुम्ही."

"हो."

"आणि गप्प राहिलात. माझं तोंड चाललंय, चालू दे, म्हणून."

"हो."

"हो काय? नुसतं हो?" तिचा आवाज चिरकला. "ती मेली असती ना, आबा, तर मी आयुष्यभर त्या बाईला शिव्या घातल्या असत्या. आणि तुम्ही माझ्यासमोर बसून जेवला असतात."

ते खरं होतं. तो जेवला असता. कालही जेवला होता.

"गंगुबाईंना मी सांगतो," तो म्हणाला.

"सांगताच आहात. मी ऐकायला उभी राहणार आहे."

गंगुबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पदराला हात पुसले. "मना एकटीला सांगून काय उपेग? सकाली सगल्या बिल्डिंगीनं ऐकलं. आता सगल्या बिल्डिंगीला सांग. माज्या दारात नाय. ज्याच्या त्याच्या दारात."

"आबा, चला वर," रुपाली म्हणाली. तिला हे अति वाटलं असावं.

धाकू वर गेला नाही. त्याने तळमजल्यावरच्या उरलेल्या दारांपासून सुरुवात केली. बेल वाजवायची, दार उघडलं की एकच वाक्य, मांजर माझ्या हातून पडलं, गंगुबाईंनी मारलं नाही. मग पुढचं दार. कोणी हसलं. कोणी म्हणालं, बरं मग आम्ही काय करू? पहिल्या मजल्यावरच्या बाईने, आम्हाला सकाळीच संशय आलेला, असं ऐकवलं. दोन घरांना कुलूप होतं, तिथे तो माणसं कामावरून आल्यावर पुन्हा गेला. चार मजले, चौदा दारं. वाक्य त्याने कुठे लहान केलं नाही.

गंगुबाई त्यानंतरही त्याच्याशी धड बोलल्या नाहीत. सुकट पत्र्यावरच वाळत राहिलं.

शुक्रवारी डॉक्टरने पुन्हा एकदा हवा काढली. शनिवारी काढावी लागली नाही, आणि संध्याकाळी पिठीने मासळी खाल्ली. सोमवारी रुपालीने अर्धी रजा टाकून तिला घरी आणलं. डाव्या कुशीवरचे केस काढलेले होते. तिने जाळीचं दार तारेने पिळून कायमचं बंद केलं, पिठीची झोपायची पेटी आपल्या खोलीत ठेवली आणि बाहेर येऊन धाकूसमोर उभी राहिली.

"तुम्ही हात लावायचा नाही तिला."

"नाही लावत."

"डॉक्टरने सांगितलंय, झोपलेली असताना दिवसातून दोनदा श्वास मोजायचे. दोन आठवडे. चाळीसच्या वर गेले तर लगेच फोन. सकाळी मी नसते."

धाकूने मान वर केली.

"मग?"

"मग काय? मोजा. लांबून. आणि लिहून ठेवा, तोंडी नको मला." तिने फ्रिजवर कागद चिकटवला आणि निघून गेली.

मंगळवारी अकरा वाजता तो दारात स्टूल टाकून बसला. पिठी पेटीत कुशीवर झोपली होती, पाय पसरून. घुरघुर नव्हती. त्याने पूर्ण मिनिट मोजलं, अर्धं मोजून दुप्पट केलं नाही. सव्वीस. खात्रीसाठी पुन्हा मोजलं आणि कागदावर तारीख, वेळ, आकडा लिहिला. खाली सही केली.

संध्याकाळी रुपालीने आल्याआल्या कागद वाचला. मग पर्स खांद्यावर तशीच ठेवून ती पेटीशी बसली आणि मोबाइल हातात धरून स्वतः मोजलं. त्याच्या आकड्यावर तिचा विश्वास नव्हता. सत्तावीस आले. तिने त्याच्या सव्वीसखाली सत्तावीस लिहिलं, पेन जागेवर ठेवलं आणि भाकऱ्या करायला गेली.